चार पीडब्ल्यूडी

"मॅडम, मी अजून आहे."

सकाळी साडेआठला फोनवर हे वाक्य. आवाज शांत, थोडा खाकरलेला. कोण बोलतंय ते दोन सेकंद कळेना, मग डोक्यात उजेड पडला. एका वाचनालयाचे माजी उपाध्यक्ष. वय ब्याऐंशी. त्यांच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं आणि पहिल्या प्रुफात त्यांच्या नावाआधी 'कै.' पडलं होतं. वरच्या ओळीत दिवंगत संस्थापकांचं नाव, त्यांचं 'कै.' खालच्या ओळीत ओघळलं. चूक माझीच. त्यांनी लाल शाईने गोल करून, समासात 'हयात' असं लिहून कागद परत पाठवला होता. मी 'कै.' खोडलं, फाइल सेव्ह केली, नवी पीडीएफ काढली आणि पाठवून दिली. दुसऱ्या प्रुफातही ते कैलासवासीच.

"एकदा ठीक आहे," ते म्हणाले. "पण दुसऱ्यांदा घरच्यांनी वाचलं."

मी माफी मागितली, फोन ठेवला आणि फाइल उघडली. 'कै.' नव्हतंच. पीडीएफ उघडली. होतं. फाइलमध्ये माणूस जिवंत, छापलेल्या पानावर गेलेला.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. लोक 'डीटीपीवाल्या मॅडम' म्हणतात, म्हणू देत. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या घराच्या मागच्या खोलीत टेबल, त्यावर लिनक्सचा जुना लॅपटॉप, खिडकीत कूलर. पानं लेटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं बांधणाऱ्या प्रणालीत, जुळवते आणि लेटेक लिहिते ईमॅक्समध्ये. एमआयटीत १९७६ साली सुरू झालेला आणि १९८५ पासून ग्नू ईमॅक्स म्हणून फिरणारा हा एडिटर, म्हणजे माझ्या कित्येक गिऱ्हाइकांपेक्षा वयाने मोठा. एकदा त्यात गेलं की बाहेर यायची गरज पडत नाही. मजकूर त्यातच लिहायचा, फायली त्यातच बघायच्या आणि मेटा-एक्स शेल म्हटलं की त्याच खिडकीत बॅश नावाचं शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, उघडतं. आज्ञा द्यायच्या त्याही तिथेच. ही सोय फार आवडते मला. भानगड तिथेच झाली होती.

स्मरणिकेची दोन फोल्डरं होती, पहिल्या प्रुफाचं आणि दुसऱ्याचं. दुसरं म्हणजे पहिल्याची नक्कल, त्यात दुरुस्त्या करायच्या. दोन्हीत फायलींची नावं तीच. लांबलचक पत्ते टाइप करायचा कंटाळा म्हणून मी बॅशमध्ये एक छोटं फंक्शन लिहून ठेवलं होतं: 'जा दोन' एवढं म्हटलं की शेल थेट दुसऱ्या प्रुफात. त्या रात्रीही तसंच केलं. शेल दुसऱ्या फोल्डरात गेलं. मग त्याच खिडकीतून कंट्रोल-एक्स कंट्रोल-एफ केलं, उपाध्यक्षांची फाइल उघडली, 'कै.' खोडलं, सेव्ह. परत शेलमध्ये येऊन पीडीएफ काढली.

आता यातलं जे दिसत नाही ते सांगते. ईमॅक्सच्या प्रत्येक बफरला, म्हणजे त्यात उघडलेल्या प्रत्येक मजकुराला, स्वतःची एक 'डीफॉल्ट डिरेक्टरी' असते. ते एका ओळीचं टिपण असतं: हा बफर अमुक पत्त्यावर उभा आहे असं समजा. फाइल उघडताना ईमॅक्स त्या टिपणावरून अंतर मोजतो. शेल ही मात्र ईमॅक्सच्या पोटात चालणारी वेगळी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला वेगळा प्रोग्राम, तिची उभं राहायची जागा वेगळी, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, नोंदवलेली. दोघांचा मेळ राहावा म्हणून ईमॅक्स एक युक्ती करतो. तुम्ही शेलमध्ये काय टाइप करता ते तो कान देऊन ऐकतो. 'सीडी', 'पुशडी', 'पॉपडी' अशी जागा बदलायची आज्ञा कानावर आली की आपलं टिपण बदलतो. शेलला विचारत नाही, नुसतं ऐकतो. 'जा' हा शब्द त्याला ठाऊकच नव्हता. शेल गेलं दोन नंबरात, ईमॅक्स बसला एक नंबरात. मी 'कै.' खोडलं ते एक नंबरातलं, पीडीएफ काढली ती दोन नंबराची.

यावर उतारा अगदी साधा आहे. मेटा-एक्स डर्स म्हणायचं, की ईमॅक्स शेलला सरळ विचारतो, बाबा रे, तू कुठे आहेस, आणि उत्तर येईल ते लिहून घेतो. कायमचा उपाय म्हणजे डरट्रॅक मोड. त्यात ईमॅक्स तुमच्या आज्ञांना कान लावत नाही, शेलच्या प्रॉम्प्टमध्ये छापलेला पत्ता वाचतो. मग तुम्ही 'जा' म्हणा की 'पळ' म्हणा. मला हे सगळं दुसऱ्या 'कै.' नंतर कळलं.

शेलला 'तू कुठे आहेस' विचारायची आज्ञा आहे पीडब्ल्यूडी. प्रिंट वर्किंग डिरेक्टरी. पण आमच्या घरात हा शब्द माझ्या जन्माआधीपासून राहतो. बाबा पीडब्ल्यूडीत होते. सार्वजनिक बांधकाम खातं असं कुणी म्हणायचं नाही, आईसुद्धा 'पीडब्ल्यूडीतून यायचे आहेत' असंच म्हणायची. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, निम्मी नोकरी रस्त्यांवर गेली. उमरेड, भिवापूर, हिंगणघाट. त्या दिवशी दुपारी मी स्वतःशीच चिडून बडबडत होते, "पीडब्ल्यूडी काय म्हणतो, पीडब्ल्यूडी बघायलाच पाहिजे होता," तर बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून दारात.

"आता काय केलं आमच्या खात्यानं?"

मी समजावलं. कंप्युटरला विचारायचं की तू कुठे उभा आहे, तर तो पीडब्ल्यूडी.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आम्हीही तेच करत होतो. पगार त्याचाच भेटे."

खोटं नाही. रस्त्याच्या कामात पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. कुठलाही खड्डा, मोरी, वळण हे 'साखळी क्रमांक' सांगूनच सांगायचं, म्हणजे शून्यापासून इतके किलोमीटर, इतके मीटर. बाबा त्याला चेनेज म्हणतात. कुणी फोनवर म्हणालं की बारा-पाचशेला मोरी खचली, तर बाबांचा उलट प्रश्न असे, "चेनेज कुठून धरली?" गावाच्या चौकातून की जिल्ह्याच्या हद्दीतून? आकडा तोच, जागा दोन. लेटेकच्या फायलींमध्ये मी जेव्हा 'एक पायरी वर जा, चित्रांच्या फोल्डरात शिर' असा रस्ता लिहिते तेव्हा तोही चेनेजच असतो. मुख्य फाइल वर, प्रकरणं खालच्या फोल्डरात. प्रकरणाच्या बफरमध्ये असताना कंपाइलची आज्ञा दिली की ईमॅक्स ती त्या बफरच्या जागेवरून चालवतो आणि एक पायरी वर ही भलत्याच घराची पायरी निघते. फाइल सापडत नाही म्हणून एरर येते. फाइल बिचारी जागच्या जागी असते.

तर, 'कै.' च्या प्रकरणानंतर मी सावध झाले, आणि सावध झाल्यामुळे दुसरी चूक केली.

जुन्या फोल्डरांनी घात केला ना, मग जुनं काही ठेवायचंच नाही असं ठरवलं. एक साफसफाईची स्क्रिप्ट लिहिली. दर वेळी पीडीएफ काढायच्या आधी ती 'बांधणी' नावाचं फोल्डर मुळापासून उडवणार, त्याच नावाचं कोरं फोल्डर बनवणार आणि त्यात ताज्या फायली आणून टाकणार. स्क्रिप्ट ईमॅक्सबाहेरच्या दुसऱ्या टर्मिनलमधून चालवायची. छान चाललं दोन दिवस.

मग ती मे महिन्यातली रात्र. समारंभ रविवारी, छापखान्याला फाइल शुक्रवारी सकाळी हवी. बाहेर रात्री अकरालाही भिंती गरम. नागपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. कूलर घरघरतोय, वाळ्याचा वास, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला बाबांचा जुना ओळंबा. ईमॅक्समधलं शेल 'बांधणी'त उभं. मी शेजारच्या टर्मिनलमध्ये साफसफाई चालवली, परत ईमॅक्समध्ये आले, लेटेकची आज्ञा दिली. फाइल सापडत नाही.

फायलींची यादी मागायची आज्ञा दिली, एलएस. काहीच नाही. रिकामं. एररही नाही.

पोटात खड्डा पडला. तीन आठवड्यांचं काम. ईमॅक्सच्या यादीत बघितलं, तर 'बांधणी'त सगळ्या फायली रांगेत उभ्या, आत्ताची वेळ लागलेली. परत शेलमध्ये एलएस. रिकामं. बरं, या वेळी मी शहाणी होते. ईमॅक्स आणि शेल वेगवेगळ्या जागी असणार, झालं. शेलला विचारलं, पीडब्ल्यूडी. उत्तर आलं: 'बांधणी'चा पूर्ण, बरोबर, एका अक्षराचाही फरक नसलेला पत्ता. ईमॅक्सलाही त्याचा स्वतःचा मेटा-एक्स पीडब्ल्यूडी आहे. त्याला विचारलं. तोच पत्ता. दोघंही एकाच पत्त्यावर उभे. एकाला घर भरलेलं दिसतंय, दुसऱ्याला ओसाड.

मग मी काय करावं? शेलमध्ये तोच पूर्ण पत्ता लिहून एलएस केलं. फायली दिसल्या! नुसतं एलएस केलं तर नाहीत. म्हणजे 'इथे' आणि 'इथला पत्ता' या दोन वेगळ्या जागा झाल्या होत्या.

बाबा पाण्याला उठले होते. "काय करून राहिली गं इतक्या रात्री?"

"बाबा, पीडब्ल्यूडी खोटं बोलतोय."

ते खुर्ची ओढून बसले. झोप त्यांना तशीही कमीच लागते हल्ली. मी त्यांना दाखवलं आणि दाखवता दाखवता मलाच सुचलं, की शेलमधला पीडब्ल्यूडी हा शेलच्या आतला असतो, तो स्वतःच्या आठवणीतून सांगतो. शेवटचं सीडी केलं तेव्हा जो पत्ता होता तोच तो म्हणून दाखवतो. लिनक्सचे तयार प्रोग्राम राहतात त्या बिन फोल्डरात त्याच नावाचा आणखी एक, वेगळा प्रोग्राम आहे. तो आठवणीवर जात नाही, कर्नलला विचारतो. त्याला हाक मारली. त्याने हात वर केले: ही जागा सापडतच नाही.

"दोन पीडब्ल्यूडी?" बाबांनी विचारलं.

"ईमॅक्सचा धरला तर तीन."

"आणि आमचा चौथा," ते म्हणाले. "एवढे पीडब्ल्यूडी आणि खड्डा कोणाले सापडून नाही राहिला."

खड्डा सापडला तो असा. लिनक्समध्ये प्रोक नावाचं एक आभासी फोल्डर असतं, त्यात प्रत्येक चालत्या प्रोसेसची कुंडली मांडलेली असते आणि ती प्रोसेस कुठे उभी आहे याचा दुवाही. माझ्या शेलची कुंडली काढली. पत्ता 'बांधणी'चाच, पण पुढे कंसात एक शब्द: डिलीटेड. जागा मेली आहे. आत उभा असलेला माणूस मात्र जिवंत.

"हे बघा," मी म्हटलं, "कर्नलचं 'कै.'"

बाबा खोखो हसले. आई आतून ओरडली, रात्र झाली आहे.

नागपूरकराला हे समजवायला जमिनीच्या भाषेहून सोपी भाषा नाही. आमच्याकडे प्लॉटचा खरा पत्ता म्हणजे मौजा आणि खसरा नंबर. गल्लीचं नाव, घराचं नाव, शेजारचा दवाखाना, हे सगळं तोंडी. डिस्कवर फोल्डरचं नाव म्हणजे घरावरची पाटी आणि त्याचा खसरा नंबर म्हणजे आयनोड. शेल जेव्हा एखाद्या फोल्डरात उभं राहतं तेव्हा ते पाटीवर उभं नसतं, खसऱ्यावर उभं असतं. माझ्या स्क्रिप्टने जुनी पाटी काढून फेकली, जुना खसरा सरकारजमा करायला टाकला, दुसऱ्या खसऱ्यावर नवं घर बांधलं आणि त्यावर हुबेहूब जुन्या नावाची पाटी लावली. शेल जुन्याच खसऱ्यावर. कुणीतरी अजून उभं आहे म्हणून कर्नल ती जागा सोडतही नाही. पाटी नाही, भिंती नाहीत, बाहेर जायचा रस्ता नाही, फक्त पायाखालचा तुकडा. एलएसला आयनोडचा नंबर छापायला सांगितला, एकदा 'इथला' आणि एकदा पूर्ण पत्त्याचा, तर दोन वेगळे आकडे आले. सातबारा हातात आल्यासारखं वाटलं.

ईमॅक्सला हे का बाधलं नाही? कारण त्याच्याजवळ खसरा नसतोच, नुसतं पाटीवरचं टिपण असतं. नाव तेच राहिलं की त्याला सगळं कुशल. उलट, तुम्ही फोल्डरचं नुसतं नाव बदला, आतलं काहीही हलवू नका. शेलला ढिम्म फरक पडत नाही. बिनमधल्या पीडब्ल्यूडीला विचारा, तो नवं नाव बिनचूक सांगतो. ईमॅक्स मात्र हवालदिल होतो. गेल्या वर्षी मी 'दिवाळी' या फोल्डरचं नाव साल घालून बदललं आणि त्यातल्या फायली ईमॅक्समध्ये उघड्याच राहिल्या होत्या. शुद्धलेखन तपासायचा प्रोग्राम सुरू होईना. मेटा-एक्स शेल होईना. जे करायला जावं त्यावर एकच उत्तर: सेटिंग करंट डिरेक्टरी, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी. मला वाटलं, शुद्धलेखनाचा कोशच उडाला. दोन वेळा तो नव्याने बसवला! तेव्हा मेटा-एक्स सीडी करून बफरला एखादी जिवंत जागा दिली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. एकाला नाव बदललेलं चालत नाही, दुसऱ्याला जमीन बदललेली. दोघं एकाच खिडकीत संसार करतात आणि एरर दोघांची सारखीच वाटते.

बाबांना मात्र पाटीवाली गोष्ट ऐकताना काहीतरी वेगळंच आठवलं होतं. त्यांनी सांगितलं ते आधी मी कधी ऐकलं नव्हतं.

उमरेडच्या पुढे एका रस्त्याचं लेव्हलिंग चाललं होतं. उंची मोजायची डंपी लेव्हल तिपाईवर, पुढे मदतनीस खलाशी स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली काठी, धरून. पक्का बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली खूण, लांब, म्हणून वाटेत एका मोरीच्या कठड्यावर बाबांनी तात्पुरता बेंचमार्क घेतला होता. लाल रंगाने बाण, खाली उंचीचा आकडा. पावसाळ्यात काम थांबलं. मधल्या काळात कुठल्याशा ट्रकने कठडा पाडला, गवंड्याने नवा बांधला, एक थर कमी. आणि खलाशाने, साहेबांची खूण पुसली गेली म्हणून वाईट वाटून, वहीतला तोच आकडा बघून नव्या कठड्यावर तसाच बाण रंगवून ठेवला. बाबा दिवाळीनंतर परत आले, बाण बघितला, आकडा बघितला आणि कामाला लागले.

"दोन दिवस काम केलं. सगळी रीडिंगं एकमेकांशी अशी जुळून राहिली होती की विचारू नको. जुळणारच ना! सगळी एकाच खोट्या ठिकाणाहून घेतलेली."

"मग कळलं कसं?"

"पुढच्या पक्क्या बेंचमार्कवर जाऊन क्लोज केलं तेव्हा. एका विटेचा फरक." जरा थांबून म्हणाले, "खलाशाले काही बोललो नाही मी. कठडा नवा दिसत होता. चुना ताजा होता. मी पाह्यलाच नाही."

कूलरचा पंप मध्येच कोरडा चालल्यासारखा आवाज करायला लागला होता.

त्या रात्री मी आणखी एक मूर्खपणा केला, तोही नोंदवते. उलगडा व्हायच्या आधी मला वाटलं की शेल बिघडलं आहे तर नवं उघडावं. त्याच शेलमध्ये 'बॅश' टाइप केलं. नवं बॅश जन्मलं ते रडतच: शेल-इनिट, एरर रिट्रीव्हिंग करंट डिरेक्टरी, गेटसीडब्ल्यूडी, कॅनॉट अॅक्सेस पेरेंट डिरेक्टरीज. हा लांबलचक संदेश ज्याने पहिल्यांदा बघितला त्याची घाबरगुंडी उडतेच. अर्थ एवढाच की मी जन्मले तिथून मला आईबापाचं घर सापडत नाही. नवी प्रोसेस जुनीच्याच जागी जन्मते, हा युनिक्सचा नियम. जागा वारशात मिळते आणि त्यानंतर मुलाने कुठेही जावं, आईची जागा हलत नाही. म्हणूनच स्क्रिप्टमध्ये सीडी लिहिलं तरी स्क्रिप्ट संपल्यावर तुम्ही होतात तिथेच असता. नवशिके यावर हमखास वैतागतात.

त्यांना सांगायला माझ्याजवळ एक गोष्ट आहे. खुद्द युनिक्स घडवणाऱ्यांनाही हीच ठेच लागली होती. १९६९ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ नावाच्या लहानशा यंत्रावर हे सगळं उभं करत होते. सुरुवातीला एका टर्मिनलमागे एकच प्रोसेस असायची आणि जागा बदलायची आज्ञा हा इतरांसारखाच एक साधा प्रोग्राम होता. मग फोर्क आलं. शेल प्रत्येक आज्ञेसाठी एक नवं मूल जन्माला घालू लागलं. आनंदीआनंद चालू असतानाच लक्षात आलं की जागा बदलायची आज्ञा बंद पडली आहे. रिचींनी पुढे हा किस्सा स्वतःच लिहून ठेवला आहे. बरंच कोड वाचून झालं, बरीच डोकेफोड झाली, तेव्हा कळलं की आज्ञा अगदी बरोबर चालते आहे: नवं जन्मलेलं मूल इमानदारीने नव्या जागी जातं आणि तिथेच लगेच मरतं. आई दारात उभी ती उभीच. शेवटी ही आज्ञा शेलच्या आतच ठेवावी लागली, आजही ती तिथेच आहे. ज्यांनी घर बांधलं तेच पहिल्या दिवशी उंबऱ्याला अडखळले, मग माझं काय घेऊन बसलात.

सुटका कशी करायची ते सांगायचं राहिलंच. सीडी करून त्याच पूर्ण पत्त्यावर परत जायचं. बस. शेल जुन्या खसऱ्यावरून उठून त्याच नावाच्या नव्या घरात येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ही बाई आहे तिथेच जायची आज्ञा का देते आहे. गिट हा फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हा अनुभव जुना: फांदी, म्हणजे ब्रँच, बदलली की ज्या फोल्डरात उभे आहात ते दुसऱ्या फांदीवर नसतंच, गिट ते उडवायचं आणि तुम्ही लोंबकळत. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या २.३५ आवृत्तीपासून गिट निदान ज्या फोल्डरातून त्याला हाक मारली ते पायाखालून काढत नाही. एवढी माणुसकी माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हती. आता ती फोल्डर उडवत नाही, फक्त आतल्या फायली काढते.

या सगळ्याचा बाबांवर असा परिणाम झाला की घरातल्या कुठल्याही कंप्युटरच्या तक्रारीवर ते आता एकच प्रश्न विचारतात. जूनमध्ये भाचा राहायला आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, व्हीएस कोड हा एडिटर वापरतो, माझ्या ईमॅक्सकडे म्युझियममधल्या तोफेकडे बघावं तसं बघतो. सकाळी तर्री-पोहे खाऊन पायथनचा काहीतरी प्रोजेक्ट घेऊन बसला आणि तासाभराने हाक आली.

"आत्या, फाइल तं इथंच दिसून राहिली ना! अन् हा म्हणते फाइलनॉटफाउंड!"

मी उठायच्या आत बाबा पेपरमागून: "चेनेज कुठून धरली?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. पण प्रश्न बरोबर होता. त्याने सगळ्या प्रोजेक्टांचं एक मोठं फोल्डर उघडलं होतं. व्हीएस कोडचं टर्मिनल मुळात त्या मोठ्या फोल्डराच्या दारात उभं राहतं आणि वरचं 'रन'चं बटण दाबलं तरी प्रोग्राम तिथूनच चालतो. आकड्यांची फाइल मात्र दोन खोल्या आत, प्रोग्रामच्या शेजारी. डोळ्यांना शेजारी दिसते, प्रोसेसच्या पायांना नाही. मी त्याला एका ओळीत कुठे उभा आहेस ते छापायला लावलं. छापलं, बघितलं, "अबे!" म्हणाला आणि लगेच उपाय काढला. होमपासूनचा, म्हणजे आपल्या खात्याच्या फोल्डरापासूनचा, संपूर्ण पत्ता जागोजागी चिकटवून टाकला. आता कुठूनही चालव, चालतंच.

संध्याकाळी तो प्रोजेक्ट मित्राला पाठवला. मित्राच्या लॅपटॉपवर अर्थातच याचं होम नव्हतं.

बाबा त्याला गाडीवर घेऊन बर्डीकडे गेले होते, परतताना झिरो माइलच्या खांबाशी थांबले. चार घोडे आणि मधला दगडी खांब. ब्रिटिश सर्वेक्षणाच्या काळातला. त्यावर हैदराबाद, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल यांची अंतरं कोरली आहेत. प्रत्येक नागपूरकर हा देशाचा मध्य म्हणून पाहुण्यांना दाखवतो. बाबांना मध्याशी फारसं देणंघेणं नाही, त्यांचा जीव तिथल्या बेंचमार्कमध्ये. हिंगणघाटला नेमणूक होती तेव्हा ते सुट्टीच्या दिवशी विल्यम लॅम्बटनची कबर शोधायला गेले होते. १८०२ साली मद्रासजवळून हिंदुस्थान मोजायला निघालेला हा माणूस हैदराबादहून नागपूरला येताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. शेवटचे ऐंशी-एक किलोमीटर राहिले. घरात ही गोष्ट महिन्यातून एकदा होते, भाच्यालाही झाली असणार.

"आजोबा म्हणाले," भाचा घरी आल्यावर सांगत होता, "की झिरो माइलपासून मोजलं तर कधी चुकत नाही. पण झिरो माइलपासून आपल्या संडासापर्यंत कोणी मोजते का?"

मग आम्ही दोघांनी बसून त्याचा प्रोग्राम बदलला. आता तो आधी स्वतःची फाइल कुठे ठेवली आहे ते बघतो आणि शेजारच्या फाइलीचं अंतर तिथून मोजतो. ना पृथ्वीच्या मुळापासून, ना चालवणारा उभा असेल तिथून. शेल स्क्रिप्टमध्येही मी पहिल्या ओळीत हेच करते, स्क्रिप्ट ज्या फोल्डरात राहते तिथे सीडी. मित्राच्या लॅपटॉपवर चालला. त्याने आजोबांना सांगितलं की चेनेज स्वतःच्या घरापासून धरली, तर ते म्हणाले, "हं, तात्पुरता बेंचमार्क. चुना पाहून घेतला ना?"

स्मरणिकेचं तिसरं प्रूफ मी पीडीएफ उघडून, उपाध्यक्षांचं पान डोळ्यांनी बघून, मगच पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं: 'पोचलं. आता छापा.' रविवारच्या समारंभाला ते पहिल्या रांगेत बसले होते. मी लांबूनच नमस्कार केला.

त्या मेच्या रात्रीचं थोडं बाकी आहे. फाइल तयार झाली तेव्हा दोन वाजत आले होते. नव्या शेलमधून काम झालं होतं, पण ते जुनं, कंसात डिलीटेड लिहिलेलं शेल ईमॅक्सच्या एका बफरमध्ये तसंच उघडं होतं, रिकाम्या जागेवर उभं, आपला पत्ता बिनचूक सांगत. बाबा अजून खुर्चीतच होते.

"ते नाही बंद केलं?"

"करते. सकाळी."

"ते उठत नाही तोवर ती जागा मोकळी होत नाही म्हणून सांगत होती ना तू?"

"हो."

"मग?"

मी एक्झिट लिहून एंटर दाबलं. बाबा उठले, ओळंब्याखालचे कागद सरळ केले आणि कूलरमधलं पाणी संपलं आहे असं म्हणत बादली घेऊन मोरीकडे गेले.